एका गोळीचा हिशेब

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत साऱ्या महाराष्ट्राला एक आकडा पाठ झाला. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने आहेत, हा तो आकडा. पाठोपाठ कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, हवेत बार काढणाऱ्यांच्या चित्रफिती फिरल्या आणि सरतेशेवटी प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. हे आवश्यकच होते. जिथे पिस्तूल हा गळ्यातल्या साखळीसारखा दागिना होऊन बसतो, तिथे कायद्याने आधी तो दागिना उतरवून घ्यावा लागतो.

या गदारोळात आणखी एका जातीची बंदूक आमच्या भागातून निमूटपणे नाहीशी होत आहे. मी ईटकडचा. ईट हे धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्याचे गाव. बालाघाटाच्या पठारावर वसलेले, बीड आणि नगर या दोन्ही जिल्ह्यांच्या हद्दी जवळ असलेले. या पट्ट्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत, कणगीच्या मागे किंवा देवळीच्या वरच्या फळीवर, फडक्यात गुंडाळलेली एखादी आजोबा-पणजोबांची बंदूक असे. तिला चाप असतो, दस्ता असतो, लांबलचक नळी असते. पण गोळ्या साठवायची पेटी नसते. एका वेळी एकच गोळी घालायची, उडवायची, मग नळीचे मागचे तोंड उघडून दुसरी घालायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातल्या बहुतेक फौजा याच बंदुकीने लढल्या. आज युरोप-अमेरिकेत असल्या लष्करी बंदुका जमवणारे हजारो शौकीन आहेत. ते त्यांवरचे शिक्के वाचतात, पलटणींचे आकडे जुळवतात, त्यांवर ग्रंथ लिहितात. आपल्याकडे संग्रह म्हटला की नाणी, तिकिटे आठवतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयामुळे अडकित्त्यांना आणि वज्रींनाही प्रतिष्ठा लाभली. बंदुकीला मात्र ती लाभली नाही, कारण बंदुकीकडे आपण एकाच नजरेने पाहतो आणि ती नजर फौजदाराची असते.

गुन्ह्याचे हत्यार आणि इतिहासाचा पुरावा या दोहोंत फरक करण्याइतका विवेक आपल्या शासनव्यवहारात आहे काय, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा. माझ्या मते तो विवेक कायद्यात थोडासा आहे, व्यवहारात जवळजवळ नाही, आणि त्याची किंमत मराठवाड्यासारखा प्रदेश मोजतो आहे.

अविश्वासाची वंशावळ

एकबारी लष्करी बंदुकीचा हिंदुस्थानातला इतिहास म्हणजे राज्यकर्त्याने प्रजेवर किती भरवसा टाकावा याचा इतिहास आहे. १८५७ च्या उठावाला निमित्त झाली ती एनफील्ड बंदूक आणि तिची चरबी लावलेली काडतुसे, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. उठाव मोडल्यानंतर काय झाले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. एनफील्डच्या नळीत आतून पेचदार आटे पाडलेले असत. त्या आट्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते, दूरवर जाते आणि नेमकी लागते. उठावानंतर हिंदी पलटणींना ज्या एनफील्ड धाटणीच्या बंदुका देण्यात आल्या, त्यांच्या नळ्या आतून गुळगुळीत होत्या. बाहेरून बंदूक तीच, वजन तेच, कवायत तीच. फक्त नेम आणि पल्ला काढून घेतलेला. तोफखानाही, थोड्या पहाडी तोफा वगळता, गोऱ्यांच्याच हाती ठेवण्यात आला.

पुढे १८६६ मध्ये ब्रिटिश फौजेने स्नायडर बंदूक स्वीकारली. जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची ही युक्ती. जुन्या एनफील्डच्या नळीची मागची बाजू कापून तिथे एक झाकण बसवायचे, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासण्याऐवजी मागून तयार काडतूस घालता येते. १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री आली. मार्टिनी हा स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झालेला यंत्रकार, हेन्री हा एडिंबरोचा बंदूक-कारागीर. चापाच्या मागे एक लांब कडी. ती खाली ओढली की आतला पोलादी ठोकळा खाली झुकतो आणि नळीचे मागचे तोंड मोकळे होते. काडतूस आत सारून कडी वर घेतली की ठोकळा बसतो आणि बंदूक उडवायला सज्ज होते. वजन चार किलोच्या आसपास. शिसाची गोळी तीस ग्रॅमहून थोडी अधिक, म्हणजे जवळजवळ पावणेतीन तोळ्यांची. कसलेला शिपाई मिनिटाला दहा-बारा बार सहज काढी. यंत्र इतके साधे की शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही गंज काढून तेल घातले तर कडी हलते. तिचा हाच गुण आज तिच्या मुळावर आला आहे, हे पुढे दिसेलच.

गोऱ्या पलटणींच्या हाती मार्टिनी आली तेव्हा हिंदी पलटणींना स्नायडर मिळाली. गोऱ्यांना १८८८ नंतर पेटीत गोळ्या साठवणारी ली-मेटफर्ड मिळू लागली, तेव्हा हिंदी शिपायांकडे मार्टिनी आली. सदैव एक पिढी मागे, हा अलिखित नियम. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीच्या चौकीत छत्तिसाव्या शीख पलटणीचे एकवीस जवान अखेरपर्यंत लढले, ते या मार्टिनी-हेन्रीनेच. त्या काळच्या गोऱ्या सैनिकाकडे त्याहून पुढची बंदूक होती.

मी आयुष्याची बरीच वर्षे बँकेत काढली. कर्ज मागणाऱ्याची पत पाहून आम्ही त्याची मर्यादा ठरवीत असू. इंग्रजांनीही हिंदी माणसाची पत ठरवून टाकली होती, आणि ती होती एका वेळी एक गोळी. लष्करातून ती मर्यादा उठली तेव्हा ती पोलिसांवर आली. ली-एनफील्ड ही दहा गोळ्यांची बंदूक. तिच्या नळीतले आटे काढून, पेटीची जागा लाकडी ठोकळ्याने बंद करून, ईशापूरच्या कारखान्यात तिची चारशे दहा बोअरची एकबारी मस्केट केली जाई आणि ती पोलिसांच्या व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांच्या खांद्यावर येई. दहा गोळ्यांचे चांगले यंत्र मुद्दाम अधू करून एका गोळीचे करणे, हा यंत्रविद्येच्या इतिहासातला अजब प्रकार म्हणावा लागेल. १८५९ च्या सुमाराची गुळगुळीत नळी आणि विसाव्या शतकातली मस्केट यांत उणीपुरी साठ-सत्तर वर्षे आहेत, वृत्ती एकच आहे.

प्रजेची गोष्ट तर निराळीच. १८७८ मध्ये लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा झाला. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणाराही कायदा झाला, हा योगायोग नव्हे. हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना, युरोपियनाला सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्याविरुद्ध ठराव होत. अहिंसेच्या पुजाऱ्याने, खुद्द गांधीजींनी, १९१८ च्या सैन्यभरतीच्या पत्रकात या कायद्यावर कठोर टीका केली. त्यांना बंदुकीचे प्रेम नव्हते. एका समाजाला संशयित ठरवून निःशस्त्र करण्यातला अपमान त्यांना बोचत होता.

स्वातंत्र्यानंतर ही वृत्ती गेली असे म्हणावे, तर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरचे पोलीस आठवतात. समोर एके-४७ घेतलेले दहशतवादी आणि आपल्या शिपायांच्या हाती जुन्यापुराण्या थ्री-नॉट-थ्री. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर ही बंदूक समारंभपूर्वक निरोप देऊन निवृत्त केली ती २६ जानेवारी २०२० रोजी.

सरहद्दीवरचे गाव

आता आमच्या मुलखाकडे वळतो. ईट निझामाच्या राज्यात होते आणि पश्चिमेला फार लांब नसलेले खर्डा इंग्रजांच्या नगर जिल्ह्यात. दोन राज्ये, दोन नाणी, हत्यारांविषयीचे दोन कायदे. एका रानातून दुसऱ्या रानात पाऊल टाकले की अंमल बदलत असे.

या सरहद्दीने बंदुकीची सगळी स्थित्यंतरे पाहिली आहेत. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या रणात पेशवे आणि निझाम समोरासमोर आले, तेव्हा मराठ्यांकडून शिंद्यांची पेराँच्या हाताखालची कवायती पलटण होती आणि निझामाकडून रेमाँची. दोन्ही बाजूंना फ्रेंच शिस्त आणि दोन्हींकडे चकमकीच्या बंदुका. हैदराबादेत आजही 'गनफाउंड्री' नावाची वस्ती आहे, ती या रेमाँच्या तोफखान्याच्या ओतशाळेची खूण. खर्ड्याला निझाम हरला, परंतु त्याने धडा घेतला तो इंग्रजांच्या कुशीत शिरण्याचा. १७९८ मध्ये तैनाती फौजेचा करार झाला, रेमाँची पलटण मोडण्यात आली आणि पुढची दीडशे वर्षे हैदराबादची बंदूक इंग्रजांच्या मेहेरबानीवर चालली.

त्या दीडशे वर्षांचा शेवट १९४८ मध्ये झाला आणि तो याच मुलखात झाला. कासिम रझवी लातूरचा वकील; लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. रझाकारांची संख्या दोन लाख सांगितली जाते, पण त्यांतल्या जेमतेम चौथ्या हिश्शाकडे आधुनिक बंदुका होत्या. बाकीच्यांच्या हाती ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या विमानांनी हैदराबादेत नवी हत्यारे उतरवीत होता. ती संस्थानाच्या फौजेसाठी. खेड्यात दहशत बसवायला जुनी भरमारच पुरेशी ठरत होती, कारण समोरच्याकडे तीही नव्हती.

विरुद्ध बाजूला, सोलापूर जिल्ह्याच्या आणि इतर सरहद्दींवर स्टेट काँग्रेसच्या कृतिसमितीची शिबिरे होती. तिथे जिद्द भरपूर, हत्यारे थोडी आणि पैसा त्याहून थोडा. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेची शाखा स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. आम्हा बँकवाल्यांना ही हकिकत ऐकताना कसेसेच होते. तथापि त्या पैशाची निकड कशासाठी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

१३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेची पहिली चकमक झडली ती नळदुर्गला. तिथे बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आल्याने पुढची वाट मोकळी झाली. उस्मानाबाद शहरात रझाकारांशी रस्त्या-रस्त्यांत लढाई झाली. १७ सप्टेंबरला निझामाने शरणागती पत्करली. पाच दिवसांत संपलेल्या या कारवाईची पुस्तके झाली. मात्र तिच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांत खेड्यापाड्यांतून जे घडले, दोन्ही समाजांनी जे सोसले, त्याची नोंद फार तुटपुंजी आहे. त्या काळाचे कागद बरेचसे उर्दूत, आणि आमच्या पिढीला मोडीसारखी उर्दूही वाचता येत नाही. माणसे गेली. उरल्या त्या वस्तू.

अशा वस्तूंत बंदूक ही बोलकी वस्तू आहे. मार्टिनी-हेन्रीच्या यंत्राच्या कुशीवर राजमुकुट, राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे, कारखान्याचे नाव आणि सन कोरलेले असते. पलटणीचे आकडेही ठोकलेले आढळतात. खैबर खिंडीच्या परिसरात गावठी कारागिरांनी केलेल्या हुबेहूब नकला सापडतात, त्यांत इंग्रजी अक्षरे उलटी पडलेली असतात; अक्षर न कळणाऱ्या हाताने चित्र म्हणून ते काढलेले असते. म्हणजे बंदूक कुठे घडली, कोणाकडे होती आणि खरी की बनावट, हे जाणत्याला तिच्या अंगावरच वाचता येते. आता तिच्यासोबत घरातली हकिकत जोडा. पणजोबा पलटणीतून निवृत्त होऊन आले तेव्हा आणली, की रानडुकरांपासून पीक राखायला पाटलाला मिळाली, की १९४८ च्या धामधुमीत कोणी टाकून पळाला आणि ती विहिरीत सापडली? तीन बंदुकांच्या तीन कथा आणि त्यातून एका गावाचा दीडशे वर्षांचा इतिहास. रझाकाराची भरमार आणि स्वातंत्र्यसैनिकाची काडतुसाची बंदूक एका कपाटात शेजारी शेजारी ठेवून दाखवता आली, तर १७ सप्टेंबरच्या भाषणांतून जे कळत नाही ते मुलांना त्या दोन नळ्यांतून कळेल.

कायद्याची दोन टोके

१९५९ चा शस्त्र अधिनियम १८७८ च्या जुलमी कायद्याच्या जागी आला. त्याच्या ४५ व्या कलमात एक अपवाद आहे. जुन्या धाटणीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा मोडकळीला आलेले हत्यार जर दुरुस्ती करून अथवा न करता, कोणत्याही प्रकारे वापरता येण्यासारखे नसेल, तर त्याला हा कायदा लागू नाही. वाचायला हे उदार वाटते. मेख आहे ती 'दुरुस्ती करून' या शब्दांत. मार्टिनीचे यंत्र इतके भक्कम आहे की कोणताही लोहार शपथेवर सांगेल, ही दुरुस्त होईल! तिचे काडतूस लष्करासाठी निघणे कधीच थांबले, ते आपल्या बाजारात मिळत नाही, याचा विचार या शब्दांत नाही. जी वस्तू उत्तम राखली ती गुन्ह्याची आणि जी गंजून गेली ती इतिहासाची, असा उफराटा न्याय होतो.

दुसरे टोक वारसांचे. परवानाधारक वारला की त्याचे हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाने ठरल्या मुदतीत आपल्या नावे परवाना घ्यावा अथवा ते विकून टाकावे. तसे न केल्यास ते सरकारजमा होते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. मूळ विधेयकात तर ती एकवर आणायची होती. वडिलोपार्जित बंदूकही या मर्यादेत मोजली जाते. एखाद्याकडे आधीच दोन असतील, तर आजोबांची तिसरी जमा करण्यावाचून गत्यंतर नाही; मग ती १८७८ ची का असेना. पिस्तूल हवे असलेला तरुण जिवाला धोका असल्याचा अर्ज करतो आणि वशिला लावून परवाना मिळवतो, हे बीडने दाखवून दिले. आजोबांची बंदूक राखू पाहणाऱ्याला कोणता धोका दाखवता येईल? विस्मरणाचा धोका हा कोणत्याही अर्जातला रकाना नाही.

आमच्या भागातल्या एका कुटुंबाची हकिकत मला ठाऊक आहे. आजोबा गेले, मग मुलगा गेला. सून घाबरली, कारण निवडणुकीच्या वेळी दर खेपेला ती बंदूक ठाण्यात नेऊन ठेवावी लागे आणि परत आणायला दोन हेलपाटे पडत. एकदा ठेवली ती तिने परत आणलीच नाही. नातू पुण्यात शिकून आला तेव्हा त्याला आजोबांच्या पलटणीविषयी कुतूहल वाटू लागले. त्याने चौकशी केली. जमा पावती होती, बंदूक नव्हती. मुद्देमालाच्या नोंदीतून ती कधी आणि कुठे गेली, हे त्याला सांगायला कोणी उरले नव्हते. कोणी अप्रामाणिकपणा केला असे मी म्हणत नाही. ठाण्यातल्या मुद्देमाल कारकुनाला ती एक जुनी बंदूक होती आणि खोली भरली होती, एवढेच.

माझ्या नोकरीच्या काळात असे लोक बँकेतही येत. दागिन्यांसाठी लॉकर असतो, मग ही ठेवता येईल काय, असे दबक्या आवाजात विचारीत. लॉकरच्या करारात शस्त्र ठेवायला मनाई असते. आम्ही नाही म्हणत असू आणि ते योग्यच होते. पण मग त्यांनी जावे तरी कुठे, या प्रश्नाचे उत्तर तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

याच्याच उलट १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम शंभर वर्षांवरच्या, गतकाळातील विज्ञान वा कला दाखवणाऱ्या वस्तूला पुरावस्तू मानतो आणि ती खाजगी माणसाने देशाबाहेर नेण्यास बंदी घालतो. १८७१ ते १८८८ या काळातली मार्टिनी या व्याख्येत सहज बसू शकते. म्हणजे एका कायद्याच्या दृष्टीने जी वस्तू देशाबाहेर जाऊ नये इतकी मोलाची, ती दुसऱ्या कायद्याच्या वाटेने भट्टीत जाऊ शकते.

आणि या विसंगतीला आणखी एक पदर आहे. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावात रघुजी भोसले यांची तलवार सुमारे सत्तेचाळीस लाख रुपये खर्चून मिळवली. मला या दोन्ही गोष्टींचा आनंद आहे. फक्त असे वाटते की, लंडनहून वस्तू आणताना आपली छाती फुगते. भूमहून आलेली वस्तू जमा करून घेताना आपण तिच्याकडे वळूनही पाहत नाही. तलवार राजाची असते, बंदूक शिपायाची. आपला इतिहास अजून राजाच्या बाहेर पडायला तयार नाही.

इतरांनी काय केले

शेजारच्या नेपाळची गोष्ट बोलकी आहे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात राणांच्या काळापासूनची लष्करी हत्यारे धूळ खात पडली होती. एनफील्ड, स्नायडर, मार्टिनी आणि गहेंद्र शमशेर राणा यांनी नेपाळातच घडवलेली 'गहेंद्र' बंदूकसुद्धा. २००३ मध्ये यांतली सुमारे पन्नास हजार हत्यारे अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी एकगठ्ठा विकत घेतली. त्यांची साफसफाई झाली आणि ती एकेक करून शौकिनांना विकली गेली. आज गहेंद्र बंदुकीविषयी अभ्यासूपणे बोलणारे लोक अमेरिकेत अधिक भेटतात. वस्तू वाचल्या, यात समाधान आहे. पण कोणती बंदूक कोणत्या पलटणीतून, कोणत्या घरातून आली, हा धागा घाऊक विक्रीत तुटतो. वितळवणे आणि घाऊक विकणे या दोन टोकांमध्ये कुठे तरी शहाणपणाची जागा असली पाहिजे.

अमेरिकेत १८९८ पर्यंत घडलेली बंदूक ही केंद्रीय कायद्याने पुराणवस्तू, तिला परवान्याची झंझट नाही. अमेरिकेचे अनुकरण करावे असे मी चुकूनही सुचवणार नाही. जिथे शाळेतल्या मुलांवर गोळ्या झाडल्या जातात, त्या देशाकडून बंदुकीचा कायदा शिकायचा नसतो. ब्रिटनचा अनुभव अधिक उपयोगी आहे. तिथे शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून जुनी बंदूक बाळगता येते, आणि कोणत्या काडतुसांच्या बंदुका कालबाह्य मानायच्या याची यादी आहे. गुन्हेगारांनी या सवलतीचा गैरफायदा घेतल्याचे दिसल्यावर २०२१ मध्ये ती यादी आवळण्यात आली. सवलत द्यावी, तिच्यावर नजर ठेवावी आणि गरज पडली तर ती आखडावी, असा हा व्यवहार आहे.

आपल्याकडे यावर आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्तही असेल. जुनी बंदूक म्हणजे निरुपद्रवी बंदूक नव्हे. गडचिरोलीच्या जंगलात भरमारीने माणसे मेली आहेत. ठासणीच्या बंदुकीने कोकणात शिकारीच्या नादात भाऊबंदांचे जीव गेले आहेत. 'पुरातन' या शब्दाआडून उद्या कोणी गावठी कट्टेही खपवील. ज्या जिल्ह्याने नुकताच पिस्तुलांचा उच्छाद पाहिला, त्याच्या शेजारी बसून बंदुका मोकळ्या करा असे म्हणणे बेजबाबदारपणाचे ठरेल. म्हणून बंदूक घरात राहिलीच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. ती नष्ट होण्याआधी जाणत्याच्या नजरेखालून जावी, एवढाच आहे.

करता येण्याजोगे

यासाठी नवा कायदा लागेलच असे नाही. सरकारजमा झालेली हत्यारे नष्ट करण्यापूर्वी त्यांची यादी आणि छायाचित्रे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जावीत आणि तिथल्या तज्ज्ञाने राखण्याजोग्या वस्तूंवर खूण करावी. जी राखायची तिची नळी कायमची बंद करावी, मात्र तिच्यावरच्या शिक्क्यांना हात लावू नये. म्हणजे ४५ व्या कलमातला तो कठीण शब्द आपोआप निकालात निघतो. जमा करणाऱ्याकडून पावतीसोबत अर्ध्या पानाची हकिकत लिहून घ्यावी: ही कोणाची, कशी आली, घरात काय सांगत. बँकेत तारण ठेवलेल्या दागिन्याची आम्ही वजनासह आणि वर्णनासह नोंद करीत असू. आजोबांच्या बंदुकीला तेवढाही मान मिळू नये काय?

आणि ठेवायच्या कुठे, असे विचाराल तर उत्तर आमच्याच जिल्ह्यात आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमशी व्यापार करणारे नगर. तिथल्या शेतांत, पांढरीच्या टेकाडांत सापडणारी मातीची खेळणी, मणी, हस्तिदंती वस्तू लोकांच्या लेखी खापऱ्या होत्या. रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच गृहस्थाने त्या वर्षानुवर्षे जमवल्या, जपल्या आणि पुढे शासनाच्या स्वाधीन केल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरला उभे आहे आणि जगभरचे अभ्यासक तिथे येतात. एका माणसाच्या संग्रहाच्या वेडाने आमच्या जिल्ह्याची दोन हजार वर्षे वाचली. लामतुरे यांनी खापऱ्यांऐवजी बंदुका जमवल्या असत्या, तर त्यांची गाठ संग्रहालयाशी न पडता न्यायालयाशी पडली असती. दोन हजार वर्षांपूर्वीचे जपायला आपल्याकडे जागा आहे. पाऊणशे वर्षांपूर्वीचे जपायलाही त्याच आवारात एक दालन निघू शकेल.

वेळ मात्र फार नाही. १९४८ मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे. बंदुकीची नळी आणखी शंभर वर्षे टिकेल. ती कोणाच्या खांद्यावर होती हे सांगणारे माणूस तेवढे टिकणार नाही. येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर प्रत्येक तालुक्याच्या तहसीलदाराने आणि ठाणेदाराने मिळून एकच काम करावे. मुद्देमालाच्या खोलीत पडलेल्या जुन्या बंदुकांची यादी करावी, आणि ज्यांच्या घरून त्या आल्या त्यांतल्या जिवंत म्हाताऱ्यांकडे एक शिक्षक वही देऊन पाठवावा.